पावसाळ्याआधी : रुग्णवाहिका सेवेच्या स्वयंसेवकांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांचे अपघात, मग उष्माघाताचे रुग्ण. वर्षभर रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून आभार.

आता पुढचे चार महिने सर्पदंशाचे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना जवळपास नसते, खूणही धड दिसत नाही. त्यामुळे पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असा फोन आला तर सर्पदंश गृहीत धरूनच निघा. आवळपट्टी नको, चिरा नको. हात-पाय हलू न देता रुग्णाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या आणि वाटेतूनच तिथे फोन करा. घरचे आधी मांत्रिकाकडे चला म्हणतील, त्यांना शांतपणे पण ठामपणे समजवा. वेळ तिथेच जातो. 108 ची गाडी जवळ असेल तर तीच बोलवा, श्रेयाचा प्रश्न नाही.

चालकांनी वायपर, टायर आणि विम्याची मुदत या आठवड्यात तपासावी. पाळी सुरू होताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघून नोंदवहीत लिहावा. पाळी बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत गटावर कळवा.