नातवाचा डॉक्टर

नागपूर, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझी लेक बाळाला घेऊन मनीषनगरात राहायला येते आहे, वाचून फार आनंद झाला. लहान मुलांचा चांगला डॉक्टर कोणता, एवढंच तू विचारलंस. पण दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून मी याच कामात आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

संध्याकाळी मी इंदोऱ्याकडच्या वस्तीत, लहान मुलं असलेल्या घरांत जातो. पोरगं तापलं की जो दवाखाना उघडा असेल तिथं आईबाप शिरतात. दोन दिवसांत ताप उतरला नाही की दुसऱ्याकडे. गेल्या पावसाळ्यात एका आईनं माझ्यासमोर पिशवी उलटी केली. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पाच बाटल्या. दोन बाटल्यांवर नावं वेगळी, आत अँटिबायोटिक एकच. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स ती चमच्यानं पाजायच्या बेतात होती. सिरपच्या ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असतं, ड्रॉप्सच्या एका मिलीतच १००. म्हणजे त्या एका चमच्यात ५००! "सगळेच सांगून राहिले भाऊ, मी कोणाचं ऐकू?" ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून ज्या घरात लहान मूल, तिथं मी एकच सांगतो: मूल धडधाकट असतानाच डॉक्टर ठरवा. लसीकरणाच्या तारखा त्यासाठी बऱ्या पडतात. ६, १०, १४ आठवडे, मग ९ महिने, मग दीड वर्षाच्या आसपास. नागरी आरोग्य केंद्रात लस फुकट टोचून घ्या, पण तेच कार्ड घेऊन आपल्या डॉक्टरांनाही भेटा. दर वेळी त्यांनीच वजन बघितलं, की वाढीची रेघ कुठं अडली ते त्यांच्या लगेच ध्यानात येतं. नवख्या डॉक्टरला फक्त आजचा ताप दिसतो.

आपल्या विदर्भात तर सिकलसेल आहे, आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. अशा मुलाचा ताप घरी बसून बघायचा नसतो. ओळखीचा डॉक्टर वेळ न घालवता मेयोला नाहीतर मेडिकलला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, पाठवतो. म्हणून आईबापांची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यायला मी मागे लागतो. काही जण चिडतात, पण मी सोडत नाही.

आता तुझ्या लेकीचं. धंतोली-रामदासपेठेत नावाजलेले डॉक्टर आहेत, तरी रात्री दोन वाजता कडेवर पोर घेऊन तिथवर जाणं सोपं नाही. मोठ्या नावापेक्षा जवळचा बालरोगतज्ज्ञ बघावा. फोन उचलतो का, सुटीवर असला तर कोणाकडे पाठवतो, आईचं बोलणं पूर्ण ऐकतो का, हे पहिल्याच भेटीत कळतं. दोघा-तिघांना भेटून मग एक ठरवू. मी सोबत जाईन.

सामान बांधताना बाळाचं लसीकरणाचं कार्ड ट्रकमध्ये जाऊ देऊ नकोस, हातातल्या पिशवीत ठेवायला सांग. आणि गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझाच,
नागपूरकर