काळ्या यादीवर एकमत, मग हिशेबावर का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक बँक आणि आणखी एखादी बँक मिळून अमुक देशाला इतके कोटी डॉलर देणार, अशी बातमी तुमच्या आतल्या पानावर अधूनमधून येतेच आणि त्यात "संयुक्त वित्तपुरवठा" हा शब्द हमखास असतो. वाचणाऱ्याला वाटतं चला, दोघांनी पैसे एकत्र केले म्हणजे काम पण एकत्र झालं. मी काही वर्षं अशाच एका प्रकल्पाच्या अकाउंट्सला होतो (देश, खातं, बँका, कुणाचंच नाव नको) म्हणून सांगतो, या दोन गोष्टींत भलतंच अंतर असतं.

साधं आर्थिक वर्ष घ्या. जागतिक बँकेचं १ जुलैला सुरू होतं, आशियाई विकास बँकेचं १ जानेवारीला, जपान आणि ब्रिटन सरकारचं एप्रिलमधे, अमेरिकेचं ऑक्टोबरमधे. पैसे घेणाऱ्या देशाचं वर्ष यातल्या कुणाशी जुळलं तर जुळलं. आता पाइपलाइन एक, ठेकेदार एक, त्याचं बिल एक, पण ते बिल टक्केवारीने फोडायचं, दोन बँकांकडे दोन वेगळे अर्ज लावायचे, दोन फॉरमॅटमधे रिपोर्ट आणि वर कळस म्हणजे पैसे दोन वेगळ्या तारखांना जमा झाले की एक्सचेंज रेट वेगळा, म्हणजे ताळा लागत नाही, मग त्या फरकाचा खुलासा लिहीत बसा. टेंडरचं तेच. मसुद्याला एका बँकेची "नो ऑब्जेक्शन" आली की दुसरीची शंका येते, ती शंका दूर करायला दोन कलमं बदलली की कागद परत पहिलीकडे. त्यात आशियाई विकास बँकेचा मूळ नियम असा की माल आणि ठेकेदार सदस्य देशातलाच हवा, जागतिक बँकेला तशी अट नाही. म्हणजे ब्राझीलची कंपनी एका बँकेला चालते आणि दुसरीला चालत नाही, कारण ब्राझील तिथे सदस्यच नाही! एकत्र प्रकल्पात मग यासाठी वेगळी सूट मागावी लागायची, तिची फाइल वेगळी.

आणि मिशन. मिशन म्हणजे बँकेची किंवा देणगीदार देशाची टीम पाहणीला येते ते. व्हिएतनाममधे २००५ या एका वर्षात अशी ७९१ मिशन आली असं ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पाहणीत निघालं, म्हणजे रविवार धरून दिवसाला दोनपेक्षा जास्त. तिथल्या अधिकाऱ्यांनी पाहुण्यांना फायली दाखवायच्या की काम करायचं?

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. २००५ मधेच पॅरिसला मदत देणारे-घेणारे सगळे जमले, जाहीरनामा निघाला, पाहण्या एकत्र करू, मदत घेणाऱ्या देशाचीच हिशेब पद्धत आणि खरेदीचे नियम वापरू, प्रत्येकाचं वेगळं प्रोजेक्ट ऑफिस नको, सगळं छान लिहिलेलं आहे. मुदत होती २०१० ची. १३ उद्दिष्टांपैकी गाठलं किती तर एक. त्याआधी रोम, नंतर आक्रा, मग बुसान, बैठकांचं गुऱ्हाळ चालूच राहिलं.

मला खटकतं ते पुढचं. त्याच २०१० च्या एप्रिलमधे जागतिक बँक, आशियाई, आफ्रिकी, इंटर-अमेरिकन आणि युरोपची पुनर्रचना व विकास बँक अशा पाच जणांनी करार केला की एकीने लबाड कंपनीला एक वर्षाहून जास्त काळासाठी काळ्या यादीत टाकलं की बाकीच्या चौघी पण तिला बंदी घालणार, परत चौकशी नाही. आणि हे खरोखर चालतं, चांगलं चालतं! म्हणजे एखाद्या कंपनीचा धंदा बसवण्याइतका विश्वास यांचा एकमेकींच्या तपासावर आहे, पण एकीने तपासलेलं टेंडर किंवा मान्य केलेलं ऑडिट दुसरीला सहसा चालत नाही. हे काय लॉजिक आहे? प्रत्येकीचं संचालक मंडळ वेगळं, कर्जाचा आकडा आपल्या नावावर दिसला पाहिजे, फोटोत आपला बोर्ड दिसला पाहिजे, खरी मेख तिथे आहे. विस्थापितांचे आणि पर्यावरणाचे नियम प्रत्येकीचे वेगळे आहेत आणि सरसकट विश्वास ठेवला तर सगळ्यात ढिला नियम पुढे येईल ही भीती मात्र मला पटते. पण मग सगळ्यात कडक नियम ज्या बँकेचा तो धरा आणि पुढे जा ना.

गंमत म्हणजे हे करून दाखवलं ते एका नव्या बँकेने. बीजिंगची एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक, २०१६ मधे सुरू झाली, अमेरिका तिच्यात गेलीच नाही, पेपरात सगळीकडे चर्चा की ही आता जागतिक बँकेला टक्कर देणार, आणि त्याच वर्षी एप्रिलमधे दोघींनी करार केला की एकत्र प्रकल्पात तयारी आणि देखरेख जागतिक बँक करणार, नियम पण तिचेच. २०२४ मधे दहा बँकांनी मिळून सहवित्तपुरवठ्यासाठी एक सामायिक पोर्टल पण काढलंय, जाऊद्या, उशिरा का होईना. आता गरज पण जास्त आहे कारण २०२५ मधे अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली, मदतीचा पैसाच आटतोय, आहे त्यातला कागदी घोडे नाचवण्यात घालवणं परवडणारं नाही.

आता कुणी म्हणेल की मग एकाच बँकेच्या हातात सगळं द्या. तिथे सांभाळून. बांगलादेशचा पद्मा पूल आठवा. जागतिक बँक १२० कोटी डॉलर देणार होती, बरोबर आशियाई विकास बँक, जपान सरकारची मदत संस्था जायका आणि इस्लामिक विकास बँक. भ्रष्टाचाराच्या संशयावरून जून २०१२ मधे जागतिक बँकेने कर्ज रद्द केलं, नंतर अटी घालून परत यायला तयार झाली पण गाडं अडलं ते अडलंच, शेवटी २०१३ च्या सुरुवातीला बांगलादेशनेच नको म्हणून कळवलं आणि मुख्य बँक नाही म्हटल्यावर बाकीच्यांचे पैसे पण गेले. कॅनडाच्या कोर्टात त्या प्रकरणातले आरोपी २०१७ मधे निर्दोष सुटले. पूल बांगलादेशने स्वतःच्या पैशाने बांधला, जून २०२२ मधे सुरू झाला. संशय आला तर बँकेने थांबूच नये असं मी म्हणत नाही, पण सगळे एकीच्या मागे चालले आणि ती थांबली तर पुढे काय, हे आधीच करारात लिहिलेलं पाहिजे.

आणि दुसरं, खुर्चीत कोण. त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेसाठी २००५ मधे १५ देणगीदारांनी मिळून एकच फंड केला, साधारण ६५ कोटी डॉलरचा, सांभाळायला जागतिक बँक, पण अध्यक्षपद तिघांकडे मिळून होतं, जागतिक बँक, युरोपीय आयोग आणि इंडोनेशिया सरकारची स्वतःची पुनर्बांधणी संस्था. ज्याचं घर पडलं त्याचा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसलेला होता. माझ्या प्रकल्पात आमचा माणूस फक्त मिनिट्स लिहायला असायचा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी आली की डॉलरच्या आकड्याखाली अजून दोन ओळी द्या, नियम कुणाचे लागू आणि एकीने अंग काढलं तर काय ठरलंय. जागा कमी असेल तर पत्राला कात्री लावा, माझी हरकत नाही, पद्मा पुलाचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक