बोजड मजकूर पुरस्कार: नामांकने रविवारपर्यंत

ब्रिटनमध्ये सोप्या इंग्रजीसाठी झटणाऱ्या 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' या संस्थेने १९८० मध्ये क्लिष्ट मजकुरासाठी 'गोल्डन बुल' हा पुरस्कार सुरू केला. आपणही नावे ठेवायची ती मजकुराला, लिहिणाऱ्याला नाही. म्हणून कार्यालयाच्या बोजड सूचनेवरील सही, नाव, फोन नंबर झाकूनच तिचा फोटो पाठवा.

परिच्छेद पूर्ण द्या. अर्धे वाक्य तोडले की कुठलीही सूचना हास्यास्पद दिसते आणि कार्यालयाला हात झटकता येतात. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी नामांकन नको, ती तक्रार वेगळी. हवे आहे ते असे: 'पूर्तता करण्यात यावी' म्हटले, पण कोणी, कुठे, कधीपर्यंत याचा पत्ता नाही.

सोबत तुमचा सोपा मसुदा हवाच. सोपे करताना बहुधा अटीच गळतात, तेव्हा रक्कम, मुदत, अपवाद मूळ प्रतीशी ताडून पाहा. मसुद्याशिवाय आलेले नामांकन बाद (नुसत्या थट्टेला कार्यालये उत्तर देत नाहीत).