गिरणीच्या जमिनीखाली काय आहे, ते आधी तपासा

महोदय,

सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरणगाव हीच शहराची ओळख बनली. त्या गिरण्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहत आहेत, याला माझा विरोध नाही. पण अशा एका जागेवर जेसीबीने खणलेल्या चरात मी स्वतः पाहिले, की वर विटांचे तुकडे, त्याखाली बॉयलरच्या राखेचा हातभर थर आणि त्याखाली अजिबात न हललेली काळी माती होती. कारखान्याच्या पायांमुळे जुने सारे नष्ट झाले, असे गृहीत धरले जाते; प्रत्यक्षात भरावाखाली आधीच्या वस्तीच्या खुणा सुरक्षितही राहू शकतात. भुईकोट किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, मात्र त्या हद्दीबाहेरच्या गिरणी जमिनींना हे कवच नाही. म्हणून महापालिकेने बांधकाम परवानगीपूर्वी जुने नकाशे व भूमापन नोंदी तपासून, जेथे शक्यता दिसेल तेथे पुरातत्त्वज्ञांकडून चाचणी चर खणून घ्यावेत. हे काम पाया खणण्याआधीच व्हायला हवे. एकदा माती डंपरमधून गेली, की कोणता थर कशावर होता हे कोणालाच सांगता येत नाही.

— एका गिरणी कामगाराचा मुलगा, सोलापूर