आजी तुझ्या हवाली करताना

चि. अमोघ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईच्या बाळंतपणासाठी मी नागपूरला निघतेय. तोवर आजी तुझ्या आणि बाबांच्या हाती. गोळ्यांच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्यात. त्या कागदावर मावलं नाही, ते इथे लिहिते.

आजीला अल्झायमर, म्हणजे हळूहळू सगळं विसरायला लावणारा आजार आहे. तरी ती काही वेगळं वागली की त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. आपल्याला ते दर वेळी सापडेलच असं नाही. पण ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून शोधणं सोडू नकोस.

गेल्या श्रावणात तू पुण्याला होतास. दोन दिवसांत आजी पार बदलली. भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या पुसत बसायची, दिवसभर झोपायची आणि रात्री हाका मारायची. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, आता आजार वाढला. ताप नव्हता, कुठे दुखतंय असं तीही सांगत नव्हती. लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ती हळूहळू पूर्वीसारखी वाती वळायला बसली.

हे नीट लक्षात ठेव. अल्झायमर महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस बदललं, तर बहुधा वेगळंच काही झालेलं असतं. लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, पोट साफ न होणं, एखादी नवी गोळी. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. ती घसरून पडली आणि ‘काही नाही झालं’ म्हणाली, तरी डॉक्टरांच्या कानावर घालच. म्हाताऱ्या माणसांत डोक्याच्या आत रक्त हळूहळू साकळतं आणि त्रास कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो. बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल. सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. त्यातली काही जुनी औषधं अशा माणसाचा गोंधळ आणखी वाढवतात.

तिचं खाणं कमी झालं, वाती बाजूला सारून ती नुसती भिंतीकडे बघत बसू लागली, तर तेही मला सांग. आजोबा गेल्यावर असंच झालं होतं आणि आम्ही सगळे त्याला विसराळूपणाच समजत होतो. डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं आणि डिप्रेशनचंही औषध सुरू केलं. स्मरणशक्ती परत आली नाही, पण ती जेवायला लागली, अभंगाला टाळी धरायला लागली. स्मृतिभ्रंशाच्या जोडीला डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार होतात.

आता पाटल्यांचं. ती म्हणेल, कामवाल्या मावशींनी चोरल्या. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, हे तिला सांगून उपयोग नाही. तुझं सांगणं ती विसरेल, पण खोटं ठरवल्याची बोच मात्र तशीच राहील. ‘चल, दोघं मिळून शोधू’ म्हण. तांदळाचा डबा उघड, गादीखाली बघ. शोधता शोधता ती आपोआप लग्नातल्या गोष्टींवर येते. मावशींना मी सगळं समजावलंय, तरी त्यांच्यासमोर आरोप झाला तर नंतर बाहेर जाऊन तू दोन शब्द बोल. त्या माउलीने फार सोसलंय.

दिवेलागणीला ती साडीचं गाठोडं बांधते आणि वाईला जायचं म्हणते. अंधारून यायला लागलं की या आजारात बऱ्याच जणांची अशी घालमेल होते. घरातले दिवे आधीच लाव, टीव्हीवरच्या बातम्या बंद कर. ‘तुझं माहेर कधीच विकलं’ असं चुकूनही म्हणू नकोस. कृष्णेच्या घाटाबद्दल विचार, ढोल्या गणपतीबद्दल विचार. तिला बोलू दे. मग हात धरून अंगणात दोन फेऱ्या मार. तरीही नाही ऐकलं तर निवडायला मेथी दे. नावं गेली तरी हातांची सवय बरीच टिकून राहते.

बाबांकडे लक्ष दे. ती त्यांना ‘दादा’ म्हणून हाक मारते, म्हणजे तिचा थोरला भाऊ. ते वाद घालतात, ‘आई, मी तुझा मुलगा’ म्हणून रडवेले होतात आणि मग दिवसभर गप्प. त्यांना रागावू नकोस. जिवंत माणसाला रोज थोडं थोडं गमावणं सोपं नाही. त्यांना संध्याकाळी फिरायला पाठव. रात्रीची पाळी वाटून घ्या. तुम्हा दोघांपैकी कुणालाही फार जड वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो फक्त रुग्णासाठी आहे असं समजू नकोस.

२०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे आपल्या ओळखीतही अशी घरं असणार. तरी कुणी बोलत नाही, लग्नकार्यात अशा माणसाला आतल्या खोलीत बसवतात. मला ते पटत नाही. पाहुणे आले तर आजीला बाहेरच बसव. ती तोच प्रश्न पाच वेळा विचारेल, पाहुण्यांनी पाच वेळा उत्तर द्यावं.

मागे तू विचारलं होतंस, बाबांनाही हे होईल का, तुला होईल का. उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेक वेळा सरळ आईकडून मुलाकडे येत नाही. घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, एवढंच. रक्तदाब, शुगर, तंबाखू, ऐकू कमी येणं, एकटेपणा यांकडे वेळेत पाहिलं तर धोका कमी होतो. म्हणून बाबांची कानाची तपासणी याच महिन्यात उरकून घे. ते टाळतील, तू अपॉइंटमेंट घेऊनच सांग.

आजीचं जेवण साडेबाराला. पांढऱ्या ताटात भात वाढू नकोस, तिला तो नीट दिसत नाही, स्टीलचं ताट घे. पाणी ती मागत नाही, तासा-दीड तासाने तूच पेला हातात दे. बाहेरच्या दाराची वरची कडी रात्री न विसरता लाव. मी रोज नऊला फोन करीन, तेव्हा आधी तिच्या कानाला लाव, मग तू बोल.

तुझी,
आई