चिप बसेल, पण सुटे भाग कोण देणार?

महोदय,

मेंदूतल्या चिपच्या जोरावर नुसत्या विचाराने संगणक चालवणाऱ्या रुग्णांच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला याचे मोल किती आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच यंत्र बिघडल्यावर काय, हे आत्ताच विचारायला हवे.

त्याचा अंदाज पुण्यातच घेता येतो. कॉक्लिअर इम्प्लांट हे कानाच्या आत बसवून श्रवणतंतूला थेट विजेचे संदेश देणारे यंत्र लावून कितीतरी मुले आज शाळेत जातात. आतल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते. आवाजाचे संदेशात रूपांतर करणारा कानामागचा प्रोसेसर आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल त्वचेतून वीजही पुरवतात आणि संदेशही. आतला भाग वर्षानुवर्षे टिकतो, बहुतेक वेळा दगा देतो तो बाहेरचा. कॉइलची वायर वाकून वाकून टोकापाशी आतल्या आत तुटते. पावसाळ्यात माइकमध्ये ओल शिरते. म्हणून प्रोसेसर रात्री ओल शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवायचा आणि रंग बदललेली सिलिकाची पुडी वेळेवर बदलायची. प्रोसेसरच्या झिंक-एअर सेलला, म्हणजे छोट्या बॅटरीला, हवा लागते, झाकणाची भोके घामाने-धुळीने बुजली की तो मान टाकतो. एवढ्याशा कारणाने मूल भर वर्गात बहिरे होते. अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळते, पण वॉरंटीनंतर वायर-कॉइलचा खर्च अनेक घरांना झेपत नाही.

मेंदूतल्या चिपचे तर याहून अवघड. इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेल्या चिपला मेंदूत रोवलेले ६४ बारीक धागे आणि त्यांवर मेंदूचे सिग्नल टिपणारे १,०२४ इलेक्ट्रोड होते. काही आठवड्यांतच बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. मेंदू कवटीत सतत थोडा हलत असतो, शिवाय परक्या वस्तूभोवती व्रणाच्या पेशी जमतात आणि सिग्नल मंदावतो. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ते निभावले. पण कंपनीच उरली नसती तर? सेकंड साइट कंपनीची आर्गस-२ ही डोळ्यात बसवायच्या इम्प्लांटची कृत्रिम दृष्टी जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवली होती. २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि सुट्या भागांअभावी रुग्ण वाऱ्यावर पडले.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आहेत. त्यांखाली मेंदूच्या इम्प्लांटला चाचणीची वा विक्रीची परवानगी देतानाच किमान दहा वर्षे सुटे भाग पुरवण्याची हमी घ्यावी. प्रोग्रामिंगचे सॉफ्टवेअर तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून द्यायला लावावे, म्हणजे कंपनी बुडाली तरी पुण्यातला डॉक्टर यंत्र जुळवू शकेल. सिग्नलची नोंद रुग्णाला मागताक्षणी मिळावी. आणि संमतिपत्र मराठीत असावे. चिप काढण्याची वेळ आलीच, तर त्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण भरणार हे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर रुग्णाच्या नातेवाइकांनी सही करू नये.

— जैववैद्यकीय अभियंत्यांचा एक गट, पुणे