अण्णा, त्या विरजणाबद्दल

ती. अण्णांना,
सा. न.

समोर बोलले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून पेपरात डोकं घालाल, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, लोकलच्या गर्दीची सवय होते. सवय होत नाही ती रात्रीची. दिवा मालवून अंग टाकलं की आठवतं, विरजण राहिलं. छोले भिजत घालायचे राहिले. शेजारी तुमचे चिरंजीव गाढ. उठवलं तर करतीलही, पण "कशात लावू? किती घालू?" एवढं सांगत बसण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं.

तुम्ही गावाहून आमच्याकडे कायमचे आलात तेव्हा आत्यांनी मला बजावलं होतं, "आता दादाचं सगळं वेळच्या वेळी बघ हो." आणि एका रात्री मी अशीच चरफडत उठले, तर ओट्यावर दह्याचं सट झाकून ठेवलेलं. शेजारी पातेल्यात छोले, वर चार बोटं पाणी. तुम्ही आतून म्हणालात, "लावलंय मी. झोप तू."

कुणी सांगितलं नव्हतं, अण्णा. पुढे तुम्ही भाज्या निवडल्यात, डबे भरलेत, कुकरही लावता. पण मला रडू आलं ते त्या रात्री. माझ्या डोक्यातली एक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात होती!

सरकारच्या वेळ-वापर पाहणीची बातमी तुम्हीच मोठ्याने वाचली होतीत. घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष काही करतात त्यांची. २०१९ मध्ये ९७ होती, २०२४ मध्ये ८८ झाली, म्हणजे आणखी घटलीच. चिरंजीव तेव्हा मोबाईलमध्ये होते. त्यांनी वर्षातून एकदा पोळ्या लाटल्या की फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, आणि सगळ्या मावश्या-आत्या टाळ्या वाजवतात. तुमच्या विरजणाचा फोटो कुणी काढलेला नाही. खरी भली माणसं अशीच असतात बहुतेक. कुणी बघितलं नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही.

दिवाळीत आत्या येणार आहेत. चहा तुम्हीच करा, आणि कपबशा त्यांच्या समोरच विसळा. मला त्यांचं तोंड बघायचंय.

तुमची,
सूनबाई